पारचं घर

मी गाव सोडलं तेव्हा कॉलेज उघडायला बराच अवकाश होता. साल १९९९. नागपूरला लॅब टेक्निशियनच्या कोर्सला माझं नाव लागलं होतं आणि हॉस्टेलात अजून कुत्रंसुद्धा फिरकलं नव्हतं. पण बाबांना धीर कुठला! मृग लागायला आला होता. सकाळी उठल्या उठल्या त्यांनी माझी पेटी सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधली. मी चहा पीत बसले होते, तर कप हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "पाणी लागाच्या पयले पार हो, पोरी. मंग काय मी तुले खांद्यावर घेऊन जाऊ?"

नदीत त्या दिवशी घोटाभरही पाणी नव्हतं. रपट्यावर नुसती धूळ. रपटा म्हणजे पात्रात घातलेला बुटका सिमेंटचा रस्ता. नदी जरा वाढली की पाणी त्याच्या डोक्यावरून जायचं आणि आमचा टोला, म्हणजे अलीकडच्या काठावरची आमची वस्ती, जगापासून तुटायचा. आम्ही चौघं त्यावरून निघालो. बाबा सायकल धरून पुढे, माझा धाकटा भाऊ सिद्धू मागून पेटीला हात लावून, आणि माय डोक्यावर गाठोडं घेऊन माझ्या बाजूला. पोरगी परगावी चालली म्हणून माय रडेल असं मला वाटलं होतं, तर ही बाई सारखी मान वर करून आभाळ बघतेय. मी चिडले. "माझ्याकडे पाह्य ना वो, आभाळाकडे काऊन पाहून राहिली?" ती म्हणाली, "तुयाकडे मंग पाहीन. तुले पोचू तं दे."

पलीकडच्या काठावर फुलाआत्या वाट बघत उभी होती. ती माझी सख्खी आत्या नव्हे. ती आमचं पारचं घर.

टोल्यात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनो, तुम्हाला हे सांगायची गरज नाही. पण आपली पोरं आता शहरात वाढताहेत, त्यांना हे कोण सांगणार? म्हणून लिहिते. आपल्या प्रत्येक घराचं नदीच्या पलीकडच्या गावात एक घर असायचं. कोणाचं नात्यातलं, कोणाचं मानलेलं. मृगाच्या आधी पावसात अडकून चालणार नाही असं सगळं तिथे न्यायचं. सायकल न्यायची. अर्जुनीच्या शाळेत दहावीला असलेलं पोरगं न्यायचं. खोकणारा म्हातारा न्यायचा. आणि जिचे दिवस पावसाळ्यात भरणार ती सून तर सगळ्यात आधी न्यायची. ही सगळी वरात दसऱ्यापर्यंत तिथेच राहायची, खायची, प्यायची. त्या बदल्यात आपण काय करायचो? धान कापायला आधी त्यांच्या बांधीत उतरायचो, मग आपल्या. नव्या धानाचे पोहे पहिले त्यांच्या घरी जायचे. पैशाचं नाव काढलं असतं तर फुलाआत्याने बाबांना अंगणातून हाकललं असतं. आपल्याकडे पोरगी द्यायला येणारे लोक शेती किती हे नंतर विचारायचे, आधी विचारायचे, "तुमचं पारचं घर कोणतं?"

माझा जन्म श्रावणातला. फुलाआत्याच्या घरात पडवीला लागून एक छोटी खोली आहे, तिथे मी झाले. सिद्धूही तिथेच झाला. मी झाले तेव्हा बाबा टोल्यात होते, नदी भरलेली. आत्याने काठावर येऊन ओरडून सांगितलं, "पोरगी झाली रे, भाऊ! दोघीबी बऱ्या हायेत!" पाण्याच्या आवाजात त्यांना काही म्हणता काही ऐकू आलं नाही. तिने हात हलवले एवढंच दिसलं. ते हात आनंदाचे की बोलावण्याचे, हे न कळता त्या माणसाने पूर उतरायची वाट पाहिली. मासे धरणाऱ्या ढिवरांची होडी, डोंगा, होती, पण नदी अशी असली की ढिवरही नाही म्हणायचे. बाबा ही गोष्ट हसत सांगायचे. मला लहानपणी ती मजेची वाटायची, आता वाटत नाही.

तर त्या दिवशी आम्ही आत्याकडे जेवलो आणि फाट्यावर एसटीला उभे राहिलो. अर्जुनीहून गोंदिया, गोंदियाहून नागपूर. गाडी सुटताना बाबा खिडकीशी आले आणि म्हणाले, "आता तू कायमची पार झाली. आता मले तुयी फिकर नाई." त्यांची फिकर गेली खरी. ती माझ्याकडे आली, आणि अजून माझ्याकडेच आहे.

नागपूरनंतर पुणं झालं. लग्न झालं, नवरा भंडाऱ्याचा, म्हणजे धानाचे पऱ्हे, रोपं, म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावं लागत नाही, एवढं नशीब. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले. सुरुवातीला मी "येऊन राहिली" म्हटलं की रिसेप्शनवरची पोरगी तोंडावर फाइल धरून हसायची. मग मीही "येतेय" म्हणायला शिकले. चौथ्या मजल्यावर घर, सोसायटीला लिफ्ट, लिफ्ट बंद पडली की व्हॉट्सअॅपवर भांडणं. लॅबच्या दारात उभं राहिलं की जिकडे बघावं तिकडे हॉस्पिटलांच्या पाट्या. माझी लेक इथेच झाली, ऐन जुलैत. कळा सुरू झाल्यावर आम्ही रिक्षा केली. रिक्षावाला सिग्नलला थांबला तेव्हा मला रडू फुटलं. नवरा घाबरला, त्याला वाटलं फार दुखतंय. मला एवढंच वाटत होतं की, बाप्पा, हे इतकं सोपं असतं?

पुण्यात पाऊस आला की लोकांना भजी आठवतात आणि लोणावळा आठवतं. मला धडकी भरते. टोल्यात फोनची रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली यायची. घरात फोन ठेवला तर तो नुसता घड्याळ बघायच्या कामाचा. सिद्धू पाळीवर चढेल, मला लावेल, तेव्हाच मला कळणार. पाऊस जोराचा असला की पाळीवर कोण मरायला जातंय! आणि वीज गेली की फोन मेलेलाच. मी टीव्हीवर विदर्भाचा नकाशा बघत बसायची. नवरा म्हणायचा, "अगं, काही झालं असतं तर कळलं असतं." मी त्याच्यावर भडकायची. कळलं कसं असतं? तेच तर सांगतेय ना, कळायला वाटच नाही!

मग पूल आला. किती निवडणुकांपासून ऐकत होतो तो पूल. आधी खांब उभे राहिले, नंतर वर स्लॅब पडला, कोणीतरी मोठं माणूस येऊन नारळ फोडून गेलं. सिद्धूने पाळीवरून फोन केला, आवाजात नुसती ऐट. "ताई, आता आपण पुण्यावाल्यांसारखे. कधीबी जा, कधीबी या." माय फोनवर आली तर म्हणाली, "पुलावर उभं राह्यलं की भल्ली हवा लागते वो." स्लॅबच्या दोन्ही टोकांना जमिनीशी जोडणारा भराव घातला होता. पलीकडचा आधीच घालून झाला होता, दगडांचा. आपल्या बाजूचा नुकता टाकलेला मुरूम होता, त्याला पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, व्हायचं होतं. ठेकेदाराने सांगितलं, दिवाळीनंतर करू. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटणार कसं? ज्यांनी जन्मभर पूल पाहिला नाही त्यांना पूल म्हणजे पूल. तो उभा दिसला की झालं.

त्या वर्षी मृगाच्या आधी टोल्यातून काहीच पार गेलं नाही. सायकली घरी राहिल्या, म्हातारे घरी राहिले. ढिवरांनी डोंगा नदीवरून उचलून तलावावर नेऊन टाकला, आता त्याचं नदीवर काय काम? आणि आमच्या घरी सिद्धूची बायको सुषमा पोटुशी होती, दिवस भादव्यात भरणार होते. मी मायला विचारलं, "सुषमाला आत्याकडे कधी नेता?" फोन बाबांनी घेतला. "आता कायले पार पाठवाचं? पूल झाला ना, बाप्पा! सूनबाई जीपमंदी बसून ऐटीत जाईन दवाखान्यात." त्यांनी आयुष्यभर लोकांच्या सुना पार पोचवल्या होत्या, स्वतःची बायकोही दोनदा. घरच्या सुनेने पुलावरून जावं ही त्यांची हौस होती. मला ते समजत होतं. फुलाआत्याने खोली सारवून ठेवली होती. कोणी येत नाही म्हटल्यावर तिने निरोप धाडला, "पूल झाला तं मी परकी झाली काय रे, भाऊ?" बाबांनी हसण्यावारी नेलं.

भादव्यात झड लागली. मी लॅबमध्ये होते, दुपारची वेळ, हातात कोणाच्या तरी रक्ताची बाटली. सिद्धूचा फोन. वारा आणि पाऊस यांच्यामधून त्याचे शब्द तुटत तुटत येत होते. "ताई, भराव वाहून गेला. पूल उभाच हाये, पण त्याच्यावर चढाले जागाच नाई. अन् सुषमाले कळा लागल्या." मी म्हटलं, "डोंगा?" तो म्हणाला, "तलावावर हाये ना." आणि फोन गेला.

त्यानंतर मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी बाटलीवरचं नाव पुन्हा पुन्हा वाचत होते. सिद्धूचा फोन लागेना. मग मला फुलाआत्याच्या पोराचा, दिनेशचा नंबर आठवला. तो पलीकडचा, तिथे रेंज असते. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मायले सांगतो," आणि मी पुढे काही बोलायच्या आत ठेवून दिलं. डॉक्टर मॅडमनी मला घरी जा म्हणून सांगितलं. मी कुठे जाऊ? घरी जाऊन काय करू? मी तिथेच जिन्यात बसून राहिले. समोरच्या हॉस्पिटलाच्या दारात गाड्या येत होत्या, जात होत्या. मला त्या प्रत्येक गाडीचा राग येत होता. राग कुणावर धरायचा हे कळेना, म्हणून त्या गाड्यांवर.

पुढचं मला नंतर सगळ्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. सुषमाला बाजेवर घालून माणसांनी नदीकाठी आणलं होतं. पुलाचा स्लॅब समोर, आणि काठ नि स्लॅब यांच्यामध्ये भराव होता तिथे आता नुसतं उसळतं पाणी. पलीकडून पुलावर दिनेशची जीप येऊन उभी राहिली. त्यातून फुलाआत्या उतरली, आणि तिने उपकेंद्रातल्या सिस्टरलाही आणलं होतं. दोघी स्लॅबच्या टोकाशी आल्या. बोलता येत होतं, पोचता येत नव्हतं. लोकांनी बांबूची शिडी आडवी टाकली. पण शिडीच्या दांड्यांवरून पोटुशी बाई कशी जाणार? तेव्हा बाबा घराकडे पळाले आणि आमच्या घराचं दार बिजागऱ्यांतून उपटून खांद्यावर घेऊन आले. मोहाच्या लाकडाचं जड दार, आजोबांच्या वेळचं. ते शिडीवर टाकलं.

सुषमा नाही म्हणाली. "मी नाई जात त्याच्यावरून. मारून टाका, पण नाई जात." आणि खरंच तिला आता हलवण्यात अर्थ नव्हता. तेव्हा फुलाआत्याने पदर कमरेला खोचला. साठी उलटलेली बाई. ती त्या दारावर बसली आणि सरकत सरकत अलीकडे आली. मागून सिस्टर आली, पिशवी गळ्यात अडकवून, तोंडाने बुद्धं सरणं म्हणत. माय सांगते, आत्याने काठावर पाय ठेवला आणि बाबांना पहिलं काय म्हणाली तर, "तुमी नाई आले, तं मीच आली."

ढिवरांची जाळी ठेवायची झोपडी काठाशीच होती. तिथे सुषमाला पोरगी झाली. पोरगी चांगली रडली. सुषमाचं रक्त मात्र थांबेना. मग ती शुद्धीत धड नसतानाच तिला त्याच दारावर झोपवून, दोरांनी बांधून, माणसांनी पुलावर घेतलं आणि जीपने अर्जुनीच्या दवाखान्यात नेलं. दिनेशचा फोन मला तिथून आला. "वाचली," एवढंच तो म्हणाला. कोण वाचली, हे मी ओरडून ओरडून विचारत होते. "दोघीबी, ताई. दोघीबी." बाबांनी माझ्या वेळी जे पुरापलीकडे उभं राहून सोसलं होतं ते त्या दिवशी मला कळलं.

बाबांनी दार पुन्हा बसवलं. मायने ते राखेने घासघास घासलं. पण बिजागरी वाकली होती, तेव्हापासून ते नीट लागत नाही, जरा उचलून लोटावं लागतं. पोरीच्या नावाच्या वेळी कोणीतरी शहाणपणाने सुचवलं, सेतू ठेवा. सुषमा म्हणाली, "त्या मुडद्याचं नाव माया पोरीले नको." आणि पुढच्या मृगाच्या आधी ती मायच्या पाया पडली आणि म्हणाली, "मी पाणी लागाच्या पयले पार होते. आता वापस नाई येत." सिद्धू तिच्याबरोबर गेला. कोहमाऱ्याला हायवेवर त्याचं टायर-पंक्चरचं दुकान आहे, रात्रंदिवस ट्रक. त्याला कोणी नावं ठेवू नका. मी त्याच्या आधी गेले, तेव्हा तुम्ही मला पेढे वाटून निरोप दिलात.

सिद्धूच्या मागे आणखी घरं गेली. पुढे भराव पक्का झाला, पिचिंग झालं, कठडेसुद्धा लागले. त्याचा फोटो आपल्या ग्रुपवर आला तेव्हा सगळ्यांनी अंगठे दाखवले, मीही दाखवला. मग मी ते अंगठे पाठवणारे कोण कोण ते पाहिलं. सुरत, हैदराबाद, नागपूर, पुणे. टोल्यातून एकही नाही. पुलापासून टोल्यापर्यंतचा रस्ता अजून मातीचा आहे, पावसात तिथे बैलगाडीचं चाकही रुततं. तो करा म्हणून भांडायला आता माणसंच नाहीत. आणि पलीकडे पारची घरंही मोडली. पूल झाल्यावर कोण कोणाकडे राहायला जातंय? नव्या पोरांनी त्या खोल्यांत कोंबड्यांचं खाद्य भरलं, कोणी दुकान काढलं. फुलाआत्या तेवढी अजून दरवर्षी खोली सारवते. दिनेश चिडतो, पण ती ऐकत नाही.

मायला गेल्या हिवाळ्यात दम्याने धरलं. श्वास लागला की ओठ निळे पडतात. मी उन्हाळाभर फोनवर भांडत होते, दोघंही पुण्याला या. बाबांचं एकच, "पुण्यात माझं काय काम? लिफ्टमंदी वर-खाली करू?" सिद्धू कोहमाऱ्याला बोलावतो, तर तिथे ट्रकच्या धुरात मायचा जीव घुसमटतो. जसजसा मृग जवळ आला तसतशी माझी झोप उडाली. मोबाइलवर आता हवामान दिसतं, ढग सरकताना दिसतात. मी लॅबमध्ये, किचनमध्ये, लेकीच्या शाळेच्या मीटिंगमध्ये तो नकाशा उघडून बसायची. लेक म्हणाली, "आई, तू आजीशी बोलण्यापेक्षा ढगांशीच जास्त बोलतेस." मला मायचं त्या दिवशीचं आभाळाकडे बघणं आठवलं आणि मी तिला उगाच रागावले.

परवा फोन लागला तर मागे कोंबड्यांचा आवाज. आमच्या घरी कोंबड्या नाहीत. मी म्हटलं, "कुठे आहात?" माय म्हणाली, "पार आलो वो आमी. आत्याच्या घरी." मला समजेना. "काऊन? पूल तर पक्का झाला!"

बाबांनी फोन घेतला. "पूल पक्का हाये वो. पण रात-बेरात तुया मायचा दम लागला तं तिले पुलावरी आणाले बाज उचलणारे चार जण टोल्यात कोठी हायेत?"

मागून आत्याचा आवाज आला, "तिले सांग रे, ती जन्मली त्याच खोलीत हायेत दोघं. अन् इथून दवाखाना जवळ हाये, म्हण, रडाचं नाई." मी रडत नव्हते. म्हणजे तोवर नव्हते.

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "अन् घर? दार नीट उचलून लावलं ना?"

"दार नाई लावलं," बाबा म्हणाले. "दार काढून आणलं अन् नदीवरच्या झोपडीत ठेवलं. ढिवराची सून यंदा पोटुशी हाये, अन् तिले पारचं घर नाई. भराव पक्का म्हणते, पण टिकन का नाई कोणाले मालूम. लागलं तं लोक घेतीन."

"बाबा, घर सताड उघडं?"

"तेथं चोराले काय हाये?" ते म्हणाले. "अन् चोर व्हाले तरी टोल्यात कोण हाये?"

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ नकाशा उघडला नाही. माझं घर कुठलं असं लेक कधी विचारेल तर काय सांगावं याचा मी विचार करत होते. माणसं नदीच्या एका काठाला आहेत, चौकट दुसऱ्या काठाला आहे, आणि दार मधे, कोणाला तरी पार व्हायला लागेल म्हणून ठेवलेलं आहे. पाऊस पडत असेल तर तो आता सरळ आमच्या चौकटीतून आत येत असेल. ढिवराची सून सुखरूप सुटू दे. मग बाबा ते दार परत बसवतील.